आत्याच्या मिरजेत चार दिवस

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस मिरजेला जाऊन आले. गेल्या दिवाळीनंतर सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळायला लागलं. तेव्हापासून त्यांचं सगळं मीच करते. एका सकाळी पेज भरवताना त्यांनी तिसऱ्यांदा घास बाहेर टाकला आणि मी चमचा ताटलीत आपटला. त्या काहीच बोलल्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून रडल्या.

त्याच रात्री मी आत्याला फोन केला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मिरजेत शिकून नर्स झाली आणि तिथेच राहिली. नोकरीची बरीच वर्षं कुष्ठरोग्यांमध्ये गेली. तिने माझी समजूत घातली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "जावेला बोलावून घे आणि चार दिवस इकडे ये. मला पाणी भरायला माणूस हवंय."

पहिला दिवस, गुरुवार

दुपारी पुण्याहून कोयना एक्सप्रेस पकडली. जाताना उजवीकडची खिडकी मिळाली तर जरूर घ्या. आदर्कीच्या घाटात गाडी वळणं घेत चढते तेव्हा तिकडे बघत बसावंसं वाटतं. डोंगर पिवळे पडले होते, ज्वारी काढायला आली होती.

साताऱ्याला एक बाई वयस्कर वडिलांना घेऊन चढल्या. बसल्या बसल्या त्यांनी कंदी पेढ्यांचा पुडा उघडून डब्यात फिरवला. वडिलांना ऐकू कमी येत होतं. "पुढचं स्टेशन कोणतं?" असं ते दर दहा मिनिटांनी विचारायचे आणि बाई दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यायच्या. मी मोजत होते. कराडपर्यंत नऊ वेळा झालं. मला तिसऱ्या वेळीच जमलं नसतं, हे मनात आलं आणि पेढा घशाखाली उतरेना.

साताऱ्याचं नाव आमच्या घरात लहानपणापासून वेगळ्या कारणाने घेतलं जायचं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गाणी आजोबा पहाटे म्हणायचे. १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताच्या मागे चालू पाहणारे सगळे एका कुटुंबासारखे असावेत, ही त्यामागची कल्पना. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. ज्यांच्या घरात येणाऱ्याजाणाऱ्यांना तोटा नव्हता त्या घरात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते सगळं कसं निभावलं असेल, याचा विचार मी आधी कधी केला नव्हता. या वेळी साताऱ्याहून पुढे जाताना तोच डोक्यात होता.

मिरज जंक्शनला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्या फलाटावर बाकावर बसली होती. ७४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, तरी न्यायला आलीच. "सलाम आत्या," म्हटलं तर म्हणाली, "सलाम. पिशवी दे. जड तुझी हाय, हलकी माझी." तिच्या बोलण्यात इतक्या वर्षांत इथलंच पाणी मुरलंय. बाहेर पडता पडता तिने रुळांकडे बोट दाखवलं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा पाण्याची पहिली रेल्वे या मिरजेतून गेली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. मिरजेचे लोक ती गोष्ट अजून घरातल्या लग्नासारखी सांगतात.

रात्री ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. जेवताना मी चमच्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. आत्या म्हणाली, "ते उद्या. आधी जेव. भुकेल्या माणसाने पश्चात्ताप करू नये, पोटातच दुखतं."

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी सहाला गारवा होता, शाल लागली. चहा घेऊन आम्ही गावाबाहेरच्या एका छोट्या कुष्ठरोग वसाहतीत गेलो. तिचं नाव मी मुद्दाम देत नाही. तिथले सगळे कधीच बरे झालेत, तरी पत्ता कळला की पोरींची सोयरीक मोडते, असं तिथल्या एका मावशींनीच सांगितलं.

मिरजेत हे काम जुनं आहे. डॉ. विल्यम वॉनलेस मूळचे कॅनडाचे. १८८९ मध्ये ते मिशनरी डॉक्टर म्हणून इकडे आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं. १९२८ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. कर्नाटकातून, कोकणातून माणसं बैलगाड्या करून मिरजेला यायची. सांगली आणि मिरजेच्या मध्ये वॉनलेसवाडी आहे, तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. क्षयावर औषध निघालं नव्हतं तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि अन्न एवढाच इलाज. आत्याला शिकवणाऱ्या वयस्क सिस्टरने ते दिवस पाहिले होते. ती म्हणायची, औषध नसताना महिनोन्‌महिने पडून असलेल्या माणसाला रोज सकाळी काय द्यायचं, हे ज्या नर्सला कळलं तीच खरी नर्स.

वसाहतीत पिंपळाखाली सिमेंटचा लांब कट्टा आहे. त्यापुढे सात-आठ प्लॅस्टिकचे टब मांडले होते. माझं काम होतं ते भरायचं. पाणी साधं, नळाचं. गरम पाणी कुणालाही देत नाहीत. कुष्ठरोगात त्वचेखालच्या नसा जातात, मग पायाला चटका बसला तरी कळत नाही. काटा रुतला, चप्पल घासली, निखाऱ्यावर पाय पडला तरी दुखत नाही. बोटं झडतात ती रोगाने, असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे न दुखणाऱ्या जखमा चिघळून ती जातात. म्हणून रोज पंधरा-वीस मिनिटं पाय पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी दगडाने हलकेच घासायची, ओल्या पायावर तेल लावायचं आणि तळव्याची एकेक रेघ तपासायची. मऊ काळ्या रबराची एमसीआर चप्पल असते, तीही उलटी करून आत खडा, खिळा नाही ना हे पाहायचं. आता रोग लवकर ओळखला तर सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात, आणि औषध सुरू झालं की संसर्गाची भीती जवळपास राहत नाही. पण गेलेली नस परत येत नाही. म्हणून हे भिजवणं जन्मभराचं.

जतकडचे एक आजोबा टबात पाय सोडून बसले होते. आत्या तेलाची बाटली घेऊन येताच ओरडले, "सिस्टर, अजून कच्चे हायत, येवढ्यात उतरवू नका!" सगळा कट्टा हसला. आत्या म्हणाली, "मीठ टाकलं नाही तर वर्षभरात शिजायचे नाहीत." मीही हसले आणि लगेच दचकले, यांच्या पायांवरून हसावं का? आत्याने ते टिपलं. पाण्याची बादली घेऊन जाताना हळूच म्हणाली, "विनोद त्यांनी काढला तर मोकळी हस. आपण काढायचा तर आपल्या अंगावर घ्यायचा. त्यांच्या अंगावर टाकायचा नाही."

ती ते कसं करते हे मग दिवसभर पाहिलं. विजापूरकडच्या एक आजी आहेत, नजर गेलेली. आत्याने त्यांच्याजवळ बसून मोडक्या कानडीत विचारलं, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. आजींनी उच्चार सुधारून दिला. आत्याने तो परत चुकवला. आजींनी कपाळावर हात मारला, परत शिकवलं. हे म्हणे अकरा वर्षं चाललंय. मी विचारलं, "तुला खरंच येत नाही?" आत्या म्हणाली, "आलं तर त्यांना शिकवायला काय उरलं? दिवसभर लोक त्यांना उठवतात, बसवतात, धुतात. सकाळची ती पाच मिनिटं त्या माझ्या बाई असतात."

दुपारी भाकरी-पिठलं खाऊन आम्ही कट्ट्यावर टेकलो, तेव्हा तिने मला तिची एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक तरुण शेतमजूर पेशंट होता. जखमेवर पट्टी बांधून दिली आणि आठ दिवस चालू नको म्हणून बजावलं. तो चौथ्या दिवशी शेतावर गेला, घरी खायला नव्हतं. परत आला तेव्हा जखम उघडी. आत्या सगळ्या वॉर्डासमोर त्याला बोलली. त्याने मान खाली घालून ऐकलं. त्यानंतर त्याने तिला कधीच जखम दाखवली नाही. विचारलं की "बरंय सिस्टर" म्हणायचा. पावसाळ्यात पाय सुजून ताप भरला तेव्हा कळलं, हाड सडलं होतं. दोन बोटं काढावी लागली.

"ज्याला दुखत नाही त्याची जखम त्याने दाखवली तरच कळते," आत्या म्हणाली. "आणि ज्याची भीती वाटते त्याला कोण दाखवेल? तुझ्या सासूबाईंचा घास का बाहेर येतो, विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं, चव आवडत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं सांगते. अशा वसाहतीत जायचं तर आधी तिथल्या माणसांशी बोलून जा. फोटो काढू नका. जुने कपडे गाठोडं बांधून नेऊ नका, त्यांच्याकडे तसली पोती पडून आहेत. खोबरेल तेल, स्वच्छ मऊ सुती कापड, हातात न सरकणारे जाड दांड्याचे चमचे आणि पेले यांचा खरा उपयोग होतो. आणि हात पुढे करा. तिथल्या माणसांना नमस्कार पुष्कळ मिळतात, हात कुणी हातात घेत नाही.

तिसरा दिवस, शनिवार

वसाहतीतल्या एका मामांचं रेशन दोन महिने अडलं होतं. यंत्रावर अंगठा उमटत नाही, कारण अंगठ्याचं पेर उरलेलंच नाही. आत्या त्यांना घेऊन शहरातल्या एका आधार केंद्रावर निघाली, मीही गेले. दोन तास रांगेत उभे होतो. तिथे काम करणारा मुलगा बावीस-तेवीसचा असेल. त्याने मामांचे हात पाहिले, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "बोटं नाहीत तर होणार नाही. पुढचे या."

माझं रक्त तापलं. मी दोन पावलं पुढे झाले, आत्याने माझं मनगट धरलं. तेवढ्यात मामाच म्हणाले, "साहेब, बोटं गेली पण डोळे हायत की. तुमच्या यंत्राला डोळ्यांचं वावडं हाय का?" रांगेतली दोन-तीन माणसं हसली. तो मुलगाही ओशाळून हसला. आत्या लगेच म्हणाली, "बाळ, सकाळपासून जेवलायस का? तुझ्या डोळ्यांखाली काळं आलंय." तो गप्प झाला. म्हणाला, कामाला दोघं असतात, आज एकटाच आहे. मग त्याने कपाटातून बुबुळं टिपणारं यंत्र काढलं, पुसलं, जोडलं. दहा मिनिटांत काम झालं. जाताना त्याने मामांसाठी दार उघडून धरलं.

बाहेर आल्यावर मी आत्याला म्हटलं, त्याला दोन शब्द सुनवायला हवे होते. आत्या म्हणाली, "पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाला घेऊन यायचंय मला इथं. त्याला आता माहीत झालंय यंत्र कुठंय." याच्याशी मी पूर्ण सहमत नाही, अजूनही. खुर्ची मागे सरकवणं हा अपमान होता आणि तो तसा म्हणायला हवा, असं मला वाटतं. पण मामांचं रेशन सुरू झालं हे खरं, आणि ते माझ्या रागाने झालं नसतं हेही खरं.

(कुणाच्या घरी अशी अडचण असेल तर लक्षात ठेवा, बोटांचे ठसे उमटत नसतील तर बुबुळांच्या ठशावर आधारचं काम होतं. अडवलं तर शांतपणे तेवढंच मागा.)

मामांनी खुशीत भडंग घेऊन दिलं. सांगलीचं भडंग घरी नेलं की सादळतं, जिथे घ्याल तिथेच ताजं खा, वर कच्चा कांदा आणि लिंबू. हवेत हळदीचा वास होता, हंगाम सुरू झालेला. आयर्विन पुलावरून कृष्णा शांत दिसली. पात्र आत ओसरलेलं, काठाला म्हशी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हीच नदी घराघरांत शिरली होती. तेव्हा आत्या चार दिवस एका शाळेत भाकऱ्या थापत होती. मामा आणि वसाहतीतल्या बायका पीठ मळायला आल्या. काही लोक त्यांच्या हातच्या भाकरीला कां-कू करायला लागले. "मग?" मी विचारलं. "मग काय, मी त्यांच्या हातची पहिली भाकरी घेतली आणि सगळ्यांसमोर उभी राहून खाल्ली. कोरडीच. घशात अडकली, ठसका लागला, त्याच मामांनी पाणी दिलं. लोक हसले आणि पंगत बसली."

संध्याकाळी हरिपूरला गेलो. कृष्णा आणि वारणेचा संगम तिथे आहे, सांगलीपासून अगदी जवळ. सूर्य बुडताना जा. मामा पायऱ्यांवर बसून राहिले, त्यांना उतरणं जमत नाही. आत्याने ओंजळीतून पाणी आणून त्यांच्या पायांवर घातलं. दोघंही काही बोलले नाहीत.

चौथा दिवस, रविवार

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. सकाळच्या उपासनेत पाळकसाहेबांनी योहानाचा तेरावा अध्याय घेतला, येशूने शिष्यांचे पाय धुतले तो. मी तो पन्नास वेळा ऐकलाय आणि दर वेळी कमरेला रुमाल बांधलेल्या येशूकडेच पाहिलंय. चर्चमधून परतताना आत्या म्हणाली, "तू पेत्राकडे बघ. आधी म्हणतो, माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. येशू म्हणतो, मग तुझा माझा संबंध नाही. लगेच म्हणतो, मग पायच काय, हात आणि डोकंही धुवा! हे वाचून मला दर वेळी हसू येतं. आमचे पेशंट अगदी असेच. पहिल्या दिवशी पाय मागे घेतात, महिन्याभराने टबाभोवती भांडतात. त्याच्यावर येशू चिडत नाही. आंघोळ झालेल्याला पाय धुतले की पुरे, असं शांतपणे सांगतो आणि कामाला लागतो."

थोडं चालल्यावर म्हणाली, "धुणं सोपं असतं गं. धुऊन घेणं अवघड. तुझ्या सासूबाईंनी साठ वर्षं दुसऱ्यांना वाढलंय."

दुपारी जेवणानंतर तिने मला भरवायला शिकवलं. स्वयंपाकघरात खुर्चीवर ती बसली, सासूबाई होऊन. मी उभी राहून चमचा पुढे केला तर म्हणाली, "खाली बस. उभ्या माणसाकडे बघायला मान वर होते, मान वर झाली की घास श्वासनलिकेत जातो." मग एकेक सांगत गेली. झटका आलेल्या माणसाला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली. घास छोटा, चांगल्या बाजूच्या गालात. पातळ पेजेपेक्षा घट्टसर खीर किंवा मऊ भात गिळायला सोपा. गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा घास नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. वारंवार ठसका लागत असेल, आवाज ओला-घोगरा येत असेल तर डॉक्टरांना गिळण्याची तपासणी करायला सांगायचं. "आणि प्रत्येक घासाला चमचा खाली ठेव," आत्या म्हणाली. "हातात धरून बसलीस की त्यांना घाई वाटते."

रात्रीच्या गाडीने निघाले. आत्याने भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि एक जाड दांड्याचा चमचा बांधून दिला. वसाहतीतल्या एकाने सायकलच्या हँडलची मूठ बसवून तयार केलेला.

सोमवारी सकाळी पुण्यात पोचले. जाऊ दमलेली दिसत होती, तिला झोपायला पाठवलं. सासूबाईंना उशा लावून ताठ बसवलं, समोर स्टूल घेऊन बसले आणि आधी विचारलं, "आई, घास का बाहेर येतो? दुखतं का कुठे?" त्यांनी बराच वेळ घेतला. मग डाव्या हाताने उजवा गाल दाखवला. आत तांबडा व्रण होता. जिभेला कळत नसल्याने अन्न त्या गालात साठायचं, आणि न कळता दातांखाली गाल चावला जायचा. तीन महिने.

मी रडले. त्या रडल्या नाहीत, माझ्याकडे बघत राहिल्या. मग घट्ट केलेली रव्याची खीर डाव्या गालात दिली. त्यांनी गिळली. मी चमचा वाटीत ठेवला आणि थांबले. दुसरा घास, परत चमचा खाली. चौथ्या घासाला मी चमचा ठेवला आणि उचलायच्या आत त्यांनी डावा हात पुढे केला. सायकलची मूठ धरली, चमचा वाटीत बुडवला. हात थरथरत होता, खीर चादरीवर सांडत होती. मला वाटलं, स्वतः खायचंय.

त्यांनी चमचा माझ्या तोंडापुढे धरला. मी तोंड उघडलं.